फ्रिज बंद, घरात इन्शुलिन, हातात पैसे नाहीत. काय करावं? (इंदूर)

सुनबाई_इंदूर
१२ मे, रात्री १०:४५

नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच दिवस वाचते पण लिहायची पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचा फ्रिज परवापासून बंद आहे. सिंगल डोअर, १९० लिटरवाला, घेऊन ८ वर्षं झाली. आतला दिवा लागतो पण गार अजिबात होत नाही, दर पाच-सात मिनिटांनी मागून टक्क आवाज येतो, थोडं घुरघुरतं आणि परत टक्क करून गप्प. गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं तर त्याने मागे हात लावून बघितलं आणि म्हणे कंप्रेसर गेला, ४८०० लागतील गॅस धरून. विचार करून सांगते म्हटलं तर येण्याचे २०० घेऊन गेला.

ह्यांचा पगार १३ हजार, सियागंजात एका दुकानात हिशोब लिहितात, मी घरी ब्लाऊज शिवते त्याचे तीन-साडेतीन सुटतात, भाडं ४५००, त्यात ४८०० कुठून काढू? दूध-भाजीचं मी निभावून नेईन हो, आपल्या आज्यांनी कुठे फ्रिज पाहिला होता, पण सासूबाईंना इन्शुलिन चालू आहे आणि सध्या दुपारी ४२ जातंय. दोन दिवस बाजूच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवलंय, पण रोज सकाळी साडेसहाला त्यांचं दार वाजवायचं जिवावर येतं, त्यांचे मिस्टर रात्रपाळी करून तेव्हाच आडवे होतात. वहिनी काही बोलत नाहीत, तेच जास्त टोचतं.

सरकारी काही योजना असते का ह्यासाठी, की कुणी जुना देतं का, की सरळ किश्तीवर नवा घ्यावा? शोरूमवाला म्हणतो आज एक रुपया देऊ नका. ह्यांना ते पटत नाहीये.

भिया_बोले
१२ मे, रात्री ११:०२

ताई जो माणूस आज एक रुपया नको म्हणतो तो उद्या मोजून घेतो, दादांचं ऐका.

शुभ_सकाळ_ग्रुप
१२ मे, रात्री ११:१०

मला व्हॉट्सॲपवर आलंय की महिलांना फ्रिज आणि वॉशिंग मशीन मोफत, आधार आणि बँक डिटेल भरून फॉर्म करायचा, शेवटची तारीख १५ आहे. लिंक देऊ का?

हिशोबी
१२ मे, रात्री ११:१४

नका देऊ. आणि तुम्ही भरला असेल तर आत्ता बँकेला फोन करा, पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करा, जितकी लवकर कराल तितकं बरं. मोफत शिलाई मशीनचा असाच मेसेज फिरत होता, तो खोटा असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेच सांगितलंय.

ताई, फ्रिज देणारी सरकारी योजना आपल्याकडे मी वीस वर्षांत पाहिली नाही. तमिळनाडूत २०११ नंतर जयललितांच्या सरकारने मिक्सर, ग्राइंडर, पंखे वाटले होते, ते तिथलं. आपल्याकडे उपकरणांत खरं मिळतं ते उज्ज्वलाचं, म्हणजे ज्या घरात गॅस कनेक्शनच नाही तिथल्या बाईच्या नावाने कनेक्शन, आणि २०२१ पासूनच्या उज्ज्वला २.० मध्ये पहिला सिलिंडर आणि शेगडीही फुकट. तुमच्याकडे गॅस असणारच, म्हणजे ते तुमच्या कामाचं नाही. पण तुम्ही शिवणकाम करता ना, मग पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्राची योजना बघा, त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. त्यात फ्रिज येत नाही, पण मशीनचा खर्च वाचला तर तो पैसा इकडे वळेल. हे आठ दिवसांत होणारं काम नाही हेही सांगून ठेवतो, आधी रजिस्ट्रेशन, मग तपासणी, मग ट्रेनिंग.

मालव्यातली_मावशी
१२ मे, रात्री ११:४०

अगं पोरी आधी त्या इन्शुलिनचं बघ, फ्रिज चार दिवस थांबेल. कोरा माठ आण, अर्धा पाण्याने भर, बाहेरून ओलं फडकं गुंडाळ, आणि जिथे ऊन नाही पण वारं लागतं तिथे ठेव. बाटली झाकणाच्या छोट्या डबीत घाल आणि डबी माठात तरंगत सोड. माझ्या नवऱ्याचं इन्शुलिन मी अशीच सांभाळायचे, १९९० च्या आसपास आमच्याकडे फ्रिज नव्हता आणि लाईट तर काय, आली तर आली.

केमिस्ट_छावणी
१३ मे, सकाळी ८:१५

मावशींनी सांगितलं ते बरोबर आहे, थोडी भर घालतो. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीतच ठेवायची, तिला माठ चालणार नाही. पण चालू बाटली बहुतेक इन्शुलिनच्या बाबतीत साधारण ४ आठवडे फ्रिजबाहेर चालते, मात्र तापमान लेबलवर लिहिलंय त्याच्या आत हवं, कशावर २५ असतं कशावर ३०, म्हणून पहिलं काम म्हणजे खोक्यातला कागद वाचा. आपल्याकडची साधी १० एमएलची बाटली ४० च्या ताकदीची असते म्हणजे तिच्यात ४०० युनिट. सासूबाई दिवसाला २४ घेत असतील तर १६-१७ दिवसांत संपतेच. म्हणजे घरात एकच चालू बाटली ठेवायची, पुढची दुकानातून संपायच्या आदल्या दिवशी घ्यायची. तुमच्या ओळखीच्या केमिस्टला सांगा, पैसे आधी भरले असले तरी बाटली तो त्याच्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवेल, आम्ही चार-पाच पेशंटच्या ठेवतो. म्हणजे वहिनींचं दार वाजवायला नको.

आणि बर्फावर ठेवू नका कुणी, गोठलेलं इन्शुलिन फेकावं लागतं. जे पाण्यासारखं स्वच्छ असतं ते गढूळ झालं किंवा दुधाळ असतं त्यात हलवूनही गुठळ्या राहिल्या की वापरायचं नाही. साखर दोन दिवस वर दिसली तर डोस स्वतः वाढवू नका, आधी बाटली बदलून बघा आणि डॉक्टरांना विचारा.

बडोदेकरीण
१३ मे, सकाळी ९:३०

आमच्या गुजरातेत वांकानेरला मातीचा फ्रिज करतात, मिट्टीकूल, मनसुखभाई प्रजापतींचा, विजेशिवाय चालतो. तत्त्व माठाचंच, पाणी झिरपून उडतं आणि आत गार होतं. फक्त हवा कोरडी हवी, पावसाळा लागला की माठ आणि तो दोघेही सुस्त. इंदूरचा मे त्याला उत्तम.

खटपट_राव
१३ मे, दुपारी १:२०

आयटीआयमधून फ्रिज-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केलाय, आता देवासला असतो नाहीतर स्वतः आलो असतो. ताई तो मिस्त्री हात लावून कंप्रेसर गेला म्हणाला ना, हाताने ते कळतच नाही. तुमच्या त्या टक्क आवाजातच अर्धी गोष्ट आहे. कंप्रेसर सुरू व्हायला बघतो, होत नाही, जास्त करंट ओढतो, मग त्याच्या अंगाला बसवलेला ओव्हरलोड तापून लाईन तोडतो, तो टक्क. पाच मिनिटांनी गार झाला की परत जोडतो, परत तेच. आता कंप्रेसर सुरू का होत नाही ह्याची कारणं तीन. रिले, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा छोटा भाग, गेला असेल, व्होल्टेज कमी असेल, नाहीतर कंप्रेसर खरंच जाम. पहिल्या दोन्हींत काम तीन-चारशेत होतं. तुम्हाला डायरेक्ट तिसरं सांगितलं गेलं.

बघायचं कसं ते सांगतो, पण हे ज्याला जमतं त्यानेच करायचं आणि आधी प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. मागे खाली काळा कंप्रेसर असतो, त्याच्या बाजूला प्लास्टिकची टोपी, तिच्या आत रिले तीन पिनांवर बसवलेला असतो. जुन्या साध्या फ्रिजमध्ये तो काढून कानाशी धरून हलवा. खुळखुळलं तर आतली टिकली फुटली, रिले गेला. जळका वास, काळे डाग हेही तेच. मग मल्टीमीटरने कंप्रेसरच्या तिन्ही पिना मोजायच्या, दोन छोट्या रीडिंगची बेरीज तिसऱ्या मोठ्या रीडिंगएवढी आली आणि कुठल्याही पिनेपासून कंप्रेसरच्या लोखंडाला काही दाखवलं नाही तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, ठीक. हे दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता ४८०० सांगणारा एकतर शिकलेला नाही नाहीतर जास्तच शिकलेला आहे.

फ्रिजवर इन्व्हर्टर लिहिलंय का तेवढं बघा. असेल तर रिले नसतो, पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी असते, मग ह्यातलं काही करू नका. आणि मागच्या स्टिकरवर आर ६००ए असेल तर तो गॅस पेट घेणारा असतो, घरात कुणाला नळी कापून वेल्डिंग करू देऊ नका.

सुनबाई_इंदूर
१३ मे, दुपारी ३:०५

खटपटदादा किती छान समजावलंत. इन्व्हर्टर नाही लिहिलेलं. ह्यांना मीटर वगैरे येत नाही पण बघते कुणी मिळतं का. मावशी, माठ आणला, ९० रुपये. सासूबाई खूश, म्हणाल्या पाण्याला चव आली म्हणून, मी म्हटलं पाणी प्यायचं नाहीये त्यातलं.

केमिस्टदादा, खोक्यावर ३० लिहिलंय.

लोकमान्यनगर_काका
१३ मे, सायंकाळी ६:५०

मुली, माझ्याकडे एक फ्रिज पडून आहे. ३०० लिटर, दोन दारांचा, मुलाने नवा घेतला तेव्हापासून गॅलरीत आहे, साधारण १५ वर्षांचा असेल पण चालू आहे, मी स्वतः लावून बघितला. फुकट घेऊन जा, टेम्पोचे पैसेही मी देतो. संकोच करू नकोस, नाहीतर मी तो नगर निगमच्या आरआरआर सेंटरला देणारच होतो. इथल्या इतरांनाही सांगतो, ह्या सेंटरवर लोक कपडे, पुस्तकं, भांडी, जुन्या वस्तू देतात आणि ज्याला लागतं तो नेतो, २०२३ च्या मे महिन्यात देशभर सुरू झाली. चालू मिक्सर किंवा पंखा कचरागाडीच्या ई-वेस्टच्या डब्यात टाकण्याआधी तिथे विचारा.

सुनबाई_इंदूर
१३ मे, सायंकाळी ७:१५

काका काय बोलू, डोळ्यात पाणी आलं. ह्यांना विचारते आणि रविवारी येतो.

हिशोबी
१३ मे, रात्री ९:००

काका राग मानू नका पण मधे बोलतो. ताई तुमचं लाईटचं बिल किती युनिटचं येतं?

सुनबाई_इंदूर
१३ मे, रात्री ९:२०

मागच्या महिन्याचं १२८ आहे. २८० रुपये आलं होतं.

हिशोबी
१३ मे, रात्री ९:४८

तेच मला वाटलं. हे २८० येतंय ते गृह ज्योती ह्या मध्य प्रदेश सरकारच्या वीजबिल सवलतीमुळे. महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असला की पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात. १५० च्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते, नुसत्या वरच्या युनिटची नाही, सगळंच बिल पुऱ्या दराने. रीडिंग कमी-जास्त दिवसांनी झालं तर रोजचे ५ युनिट असा हिशोब धरतात.

आता तुमचा छोटा फ्रिज चालू असताना महिन्याला २० च्या आसपास युनिट खात असेल. काकांचा १५ वर्षांचा, ३०० लिटरचा, दारांची रबरं ढिली झालेला असणार, तो रोजचे २ युनिट सहज ओढेल म्हणजे महिन्याला ६०. १२८ मधून २० वजा, ६० अधिक, झाले १६८. बिल २८० वरून हजाराच्या पुढे. म्हणजे फुकटचा फ्रिज महिन्याला सात-आठशेची किश्त मागणार, तीही कधी न संपणारी. उन्हाळ्यात कूलर चालू असला तर अजून वाईट.

मीटर मोजून बघा हवं तर. रात्री झोपताना फ्रिज सोडून सगळं बंद करा, रीडिंग लिहा, सकाळी परत लिहा. कुणाकडूनही जुना फ्रिज घेण्याआधी त्याच्याच घरी हे करून बघायचं.

लोकमान्यनगर_काका
१३ मे, रात्री १०:१०

राग कसला. मी आत्ता माझं बिल काढून बघितलं, गॅलरीत तो महिनाभर पाण्याच्या बाटल्यांसाठी लावला होता त्या महिन्याचं. माझी सून मला तेव्हा एसीवरून बोलली होती.

भिया_बोले
१३ मे, रात्री १०:१४

काका 😄 एसी निर्दोष सुटला.

दोन_तारखेचा_बळी
१४ मे, सकाळी ७:४०

किश्तीबद्दल माझं ऐका, मग ठरवा. मी वॉशिंग मशीन घेतलं होतं, नो कॉस्ट म्हणून. प्रोसेसिंग फी वेगळी, कार्डाची फी वेगळी, आणि न मागता गळ्यात मारलेली वाढीव वॉरंटी वेगळी, ती कागदावर दुसऱ्या पानावर होती. तेही चाललं असतं. पण किश्त कापायची तारीख दोन आणि माझा पगार होतो सातला. पहिल्याच महिन्यात खात्यात पैसे नव्हते. फायनान्सवाल्यांनी ५०० अधिक १८ टक्के जीएसटी असे ५९० लावले, बँकेने आपले वेगळे कापले, आणि पुढच्या महिन्यात परत तेच कारण पगार परत सातलाच झाला ना! तीन महिन्यांत अडीच हजारांच्या वर नुसता दंड. वर सिबिल खराब, ते वेगळंच.

घ्यायचंच असेल तर सही करण्याआधी एकच विचारा, सगळं मिळून शेवटपर्यंत एकूण किती रुपये जाणार, आणि तो आकडा लिहून मागा. आणि तारीख पगारानंतरची.

मालव्यातली_मावशी
१४ मे, सकाळी १०:३०

किश्त-फिश्त कशाला, भिशी नाही का कुणाची? आमच्या गल्लीत बाराजणी आहोत, हजार हजार, चिठ्ठी काढतो. पण कुणाला अडचण असली की चिठ्ठी न काढता पहिला नंबर तिला, गेल्या वर्षी एकीच्या मुलीची फी भरली तशी. व्याज नाही, कागद नाही. फक्त ज्यांना दहा वर्षं ओळखतो अशाच बायका, अनोळखी माणसाच्या बीसीत पैसे घालू नये, पळून गेलेले मी दोन बघितलेत. तुम्ही आपल्या मंडळात का नाही विचारत?

सुनबाई_इंदूर
१४ मे, दुपारी २:००

मावशी खरं सांगू का, मंडळात विचारायला लाज वाटते. तिथे गणपतीत मी अथर्वशीर्षाला बसते, संक्रांतीला सगळ्या भेटतात, त्यांचेच ब्लाऊज शिवते मी. एकदा मागितलं की मग प्रत्येकजण शिलाईत घासाघीस करताना मनात म्हणणार. इथे नाव नाही म्हणून लिहिलं.

लोकमान्यनगर_काका
१४ मे, दुपारी ४:३०

ते मी समजू शकतो. मंडळात आम्ही एक पद्धत ठेवलीये, मागणाऱ्याचं नाव दोघांनाच माहीत असतं, ग्रुपवर फक्त "एका घरी कूलर हवाय" एवढंच जातं. देणारा वस्तू आमच्याकडे सोडतो. असं सांगणारा एखादा जुना माणूस तुमच्याकडेही असेल, त्याला एकट्याला गाठा. फारच अडलं तर मंगळवारी कलेक्टर कचेरीत मोती तबेल्याला जनसुनवाई असते, अर्ज साध्या कागदावर, सोबत समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक, आणि डॉक्टरांचा कागद. तिथे आजारपणाचं कारण सांगितलं तर ऐकून घेतात, फ्रिज हवाय असं नुसतं म्हणू नका, इन्शुलिनसाठी असं लिहा.

खटपट_राव
१४ मे, रात्री ९:१५

अजून एक राहिलं. बिल सापडतंय का बघा. वस्तूची वॉरंटी एक वर्षाची असली तरी बऱ्याच कंपन्या कंप्रेसरवर १० वर्षं देतात, तुमचा ८ वर्षांचा आहे. खरंच कंप्रेसर गेला असेल तर तो फुकट मिळू शकतो, गॅस आणि मजुरी लागेल. फक्त कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा फ्रिजवरच्या स्टिकरचाच घ्या. गुगलवर कस्टमर केअर म्हणून जे वर दिसतात त्यात खोटे नंबर असतात, फोनवर ॲप टाकायला लावतात आणि खातं रिकामं. कंपनीने टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सुनबाई_इंदूर
१६ मे, रात्री १०:२०

सांगायला उशीर झाला, लग्नसराईचे ब्लाऊज होते.

काल नंदानगरच्या आयटीआयमध्ये शिकणारा एक मुलगा मिळाला, ह्यांच्या दुकानात हमालीला येतात त्यांचा भाचा. मी त्याला खटपटदादांचं सगळं मोबाईलवर वाचायला दिलं तर तो लाजला, म्हणे काकू हे आम्हाला शिकवलंय. प्लग काढला, टोपी काढली, रिले काढून त्याने आधी माझ्याच कानाशी धरला. खुळखुळ! लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखा अगदी. सासूबाईंनी पण हलवून बघितला. मग मीटर लावलं, ती बेरीज आली बरोबर, कंप्रेसर ठीक. महाराणी रोडवरून रिले आणि ओव्हरलोड मिळून १८० ला आणले, त्याच्या हातावर २०० ठेवले, नको नको म्हणत होता. लावला आणि अर्ध्या तासात फ्रीजरला पांढरं धरलं.

त्याने व्होल्टेज पण मोजलं, रात्री आठला १७२. म्हणे ह्यानेच रिले गेला असणार, स्टॅबिलायझर नसेल तर परत जाईल, तोवर संध्याकाळी सगळे कूलर चालू असतात तेव्हा दोन-तीन तास फ्रिज बंद ठेवा, दार उघडू नका.

बिल पण सापडलं, सुपारीच्या जुन्या डब्यात, फिकं झालंय पण तारीख वाचता येते. कंप्रेसर १० वर्षं लिहिलंय. फोटो काढून ठेवलाय.

लोकमान्यनगर_काका
१६ मे, रात्री १०:४५

स्टॅबिलायझर माझ्याकडे आहे. त्याच फ्रिजचा. हा युनिट खात नाही ना हो हिशोबी?

हिशोबी
१६ मे, रात्री १०:५२

नगण्य काका. द्या बिनधास्त. आणि ताई, व्होल्टेज रोजच १७२ असेल तर १९१२ वर तक्रार टाका, नंबर लिहून ठेवा. एकट्याने नको, गल्लीतल्या पाच-सहा घरांनी वेगवेगळी करा. ट्रान्सफॉर्मरवर लोड जास्त झाला असेल तर तो त्यांनाच बघावा लागतो, तुम्ही प्रत्येकाने स्टॅबिलायझर घेऊन ते मिटणार नाही.

केमिस्ट_छावणी
१७ मे, सकाळी ८:४०

इन्शुलिन आजच फ्रिजमध्ये हलवू नका, एक दिवस जाऊ द्या. आणि फ्रीजरच्या खाली लगेच नको, दारात किंवा खालच्या भाजीच्या वरच्या कप्प्यात.

सुनबाई_इंदूर
१९ मे, दुपारी १:३०

स्टॅबिलायझर आला. काका स्वतः घेऊन आले, स्कूटरवर, ह्या उन्हात. मी ब्लाऊज शिवून देते म्हटलं काकूंचा तर म्हणाले तिने ऐकलं तर चार देईल.

नवी बाटली दारात ठेवलीये. चालू बाटली मात्र सासूबाई माठातून काढू देत नाहीत. म्हणतात त्या मिस्त्रीसारखा उद्या हाही फिरला तर? रोज सकाळी स्वतः फडकं भिजवतात. असू दे म्हटलं.

शुभ_सकाळ_ग्रुप
१९ मे, दुपारी २:१५

आमच्या कूलरचा पंप चालतो पण पाणी वर चढत नाही, पंखा नुसती गरम हवा फेकतो. नवा पंप घ्यावा का?

खटपट_राव
१९ मे, दुपारी २:३१

थांबा. पंप काढून खालची जाळी बघा आधी, गवताच्या काड्या अडकल्या असतील. प्लग काढून.